लेकीच्या शाळेची पायरी

माझी लेक पहिलीत होती तेव्हा मी रोज तिच्यासोबत शाळेत जायची आणि शाळा सुटेपर्यंत तिथंच बसून राहायची. शाळा चर्चची, तालुक्याच्या गावातली. लेकीचे वडील सकाळी मोटारसायकलवर आम्हा दोघींना तांड्यावरून आणून सोडत आणि परत शेतात जात. लेक वर्गात जाई, मी बाहेर. तिला फिट यायच्या, म्हणून.

पहिली फिट आली तेव्हा ती पाच वर्षांची होती. अंगणात आम्ही तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. तिचा हात मधेच थांबला, मान एका बाजूला वळली आणि ती शेंगांच्या ढिगावर पडली. हातपाय झटके द्यायला लागले. सासू चप्पल घेऊन धावली आणि तिच्या नाकाशी धरली. शेजारीण कांदा फोडून घेऊन आली. कोणी म्हणालं, दातांत चमचा घाला. मला काहीच सुचलं नाही. मी तिला नुसती धरून बसली.

यवतमाळच्या डॉक्टरांनी तिच्या डोक्याला वायरी लावून कागदावर आलेख काढला. म्हणाले, "मिरगी म्हणतात ती हीच. औषध रोज द्यायचं, एकही वेळ चुकवायची नाही. काही वर्षं चालेल. पुष्कळ लेकरांची मोठं होता होता जाते." आम्ही उठलो तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "आणि शाळेत घाला तिला. घरी बसवून ठेवू नका."

सासूनं केळापूरच्या देवीला नवस बोलला. घरात औषध आणि नवस दोन्ही चालू राहिले. त्यावरून आमच्याकडे कधी वाद झाला नाही.

आम्ही तिला एका मोठ्या शाळेत घातलं होतं. बस होती, टाय होता, बूट होते. तिथं एका सकाळी रांगेत उभी असतानाच तिला फिट आली. दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावून घेतलं. त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि म्हणाले, "बरी झाली की आणा. बाकीची लेकरं घाबरतात." मला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. मी तिची आई असून घाबरायची, तर लेकरं घाबरणारच, असं वाटलं. त्यानंतर कितीतरी महिने लेक घरी होती. सकाळी उठली की घरच्या फ्रॉकवर तो टाय घालायची आणि दिवसभर तसाच ठेवायची. तो टाय पाहिला की तिचे वडील न जेवता उठून जायचे.

चर्चच्या शाळेचं आमच्या तांड्यावर सरकारी दवाखान्याचं काम पाहणाऱ्या आशाताईनं सांगितलं. "इचारून तं पाहा," ती म्हणाली. "नाई म्हणतीन तं नाई."

सासूला ते पटलं नाही. "ते आपली पोरगी बाटवतीन," ती म्हणाली. आम्ही शाळेत गेलो तेव्हा लेकीच्या वडिलांनी मोठ्या मॅडमना पहिलं तेच विचारलं.

मोठ्या मॅडम म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका. बुटक्या, केस बरेचसे पांढरे, पायात कापडी बूट. त्या वऱ्हांड्यातच उभ्या होत्या.

"मॅडम, एक इचारू? पोरीले तुमच्या देवाचं करा लागते का?"

त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. "सकाळी आमची प्रार्थना असते. तिला म्हणायची असली तर म्हणेल, नाही तर शांत उभी राहील. घरी तुमच्या देवाचं करत असेल ते करू द्या."

"मंग बरं हाय," ते म्हणाले.

आता माझी पाळी होती. मी फिटांचं सांगितलं, पहिल्या शाळेचंही सांगितलं, आणि त्या नाही म्हणण्याची वाट पाहत राहिली. मॅडमनी वेगळंच विचारलं. "फिट यायच्या आधी तिला कळतं का?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हणाली, "कधी कधी म्हणते, याडी, मले वास येऊन राह्यला. जळल्यासारखा." आमच्याकडे आईला याडी म्हणतात.

"आणि संपल्यावर काय लागतं तिला? पाणी? झोप?"

"झोपते. उठल्यावर कोणाकडं पाहत नाई. शरमते."

"का शरमते?"

मी आवाज बारीक केला. "कपडे ओले होतात, मॅडम."

त्यांनी नुसती मान हलवली. मग खाली वाकून लेकीला विचारलं, "तुला यायचं आहे का आमच्या शाळेत?" लेक त्यांच्या मागं पाहत होती. आवारात चार-दोन कोंबड्या माती उकरत होत्या. तिनं विचारलं, "ह्या कोंबड्या कोणाच्या?"

"शाळेच्या."

"मंग येतो मी," लेक म्हणाली.

मी शाळेत बसून राहू का, असं विचारलं तेव्हा मोठ्या मॅडम म्हणाल्या, "बसा. पण फाटकाबाहेर उन्हात नको. वऱ्हांड्याच्या पायरीवर बसा."

अशी मी त्या पायरीवर बसायला लागली. सोबत ब्लाउज न्यायची, हुक लावत बसायची. पण हातातल्या कामाकडं लक्ष कमीच असे. पहिलीचा वर्ग माझ्या पाठीशीच होता. आतला प्रत्येक आवाज मी ऐकायची. बाक सरकला की उठून उभी राहायची. कोणाची पाटी पडली तरी उठायची.

शाळा दिसायला साधी होती. वर टिनं, लांब वऱ्हांडा, दोन निंब, बाजूला छोटं चर्च. पण पहिल्याच दिवशी मी लेकरांचं संडास पाहिलं आणि माझं मन थोडं शांत झालं. ते स्वच्छ होतं. बादलीत पाणी होतं, दाराची कडी लागत होती. दुपारी लेकरं वऱ्हांड्यात ओळीनं जेवायला बसत आणि मॅडमही आपला डबा घेऊन त्यांच्यातच बसत. कोणी डबा आणला नसला तर त्याचा बोभाटा होत नसे. डब्याचं झाकण मधोमध ठेवत आणि ज्याच्या त्याच्या डब्यातलं थोडं थोडं त्यात पडे.

वर्गाच्या मॅडम तरुण होत्या, आवाज कधी चढवत नसत. त्यांची एक रीत होती. रोज प्रत्येक लेकरानं त्यांच्या खुर्चीजवळ येऊन, ओळीवर बोट ठेवून, थोडंसं वाचून दाखवायचं. ज्याला वाचता येत नाही त्यानं चित्र पाहून सांगायचं. बाकीची लेकरं तोवर लिहीत बसत. मला ते ऐकायला फार आवडे. एकामागून एक बारीक आवाज, अडखळत, पुन्हा धरत. अर्ध्या लेकरांची घरची बोली वेगळी. आमची गोरबोली, कोणाची कोलामी, कोणाची गोंडी. एकदा त्यांनी सगळ्यांना विचारलं, घरी आईला काय म्हणता? जे जे सांगितलं ते सगळं फळ्यावर लिहिलं. माझ्या लेकीनं "याडी" म्हटलेलं मी बाहेर ऐकलं. शाळेत तिनं मोठ्यानं बोललेला तो पहिला शब्द असावा.

काही दिवसांनी मोठ्या मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. शाळेतल्या सगळ्या मॅडम तिथं होत्या, झाडलोट करणाऱ्या मावशीही होत्या. खाली सतरंजी अंथरलेली. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "फिट आली की काय करायचं ते आम्हाला दाखवा. डॉक्टरांनी तुम्हाला शिकवलं असेल."

डॉक्टरांनी शिकवलं होतं. तोंडात काही घालायचं नाही, चप्पल नाही, कांदा नाही. आजूबाजूचं सामान सरकवायचं, एका कुशीवर वळवायचं, गळ्याजवळचं बटण सोडायचं, घड्याळ पाहायचं. लवकर थांबली नाही तर नाकात मारायचा फवारा दिला होता, तो मारायचा आणि दवाखाना गाठायचा. पण हे सांगायचं कसं ते कळेना. शेवटी मीच सतरंजीवर आडवी झाली. मग एकेक मॅडम आल्या आणि मला कुशीवर वळवून गेल्या. माझं वजन काही कमी नाही. मावशींनी दोनदा जोर केला तरी मी हलेना, तेव्हा मावशी हसायला लागल्या, आणि मग मीही पडल्या पडल्या हसली. त्या आजारात मी हसली असं पहिल्यांदाच घडत होतं.

वर्गाच्या मॅडमनी ते पुढं लेकरांनाही समजावून सांगितलं. हिला कधी कधी झटका येतो, तो आपोआप थांबतो, तो कोणाचा कोणाला लागत नाही. आला तर एकानं मला हाक मारायची, दोघांनी बाक सरकवायचा, बाकीच्यांनी आपापल्या जागी बसून राहायचं. मी बाहेर ऐकत होती. लेकरांनी एवढंच विचारलं की बाक कोण सरकवणार. ते काम सगळ्यांनाच पाहिजे होतं.

औषधानं लेकीला सकाळी पेंग यायची. मॅडमच्या ते लक्षात आलं. तिचं वाचन त्या शेवटी ठेवू लागल्या, जेवणानंतर, ती ताजी असे तेव्हा. पण वाचन पुढं सरकत नव्हतं. ती अक्षरं ओळखे, शब्द लावी, आणि ओळ मात्र धड पुरी होईना. औषधानं डोकं जड झालंय, असं मी धरून चालली होती.

एका दुपारी मॅडम पायरीवर माझ्याजवळ येऊन बसल्या. "एक विचारते. ही घरी बोलता बोलता मधेच थांबते का?"

"थांबते कधी कधी. काही आठवत असन."

"वाचताना हिचं बोट थांबतं," मॅडम म्हणाल्या. "नजर तशीच राहते, पापण्या थोड्या फडफडतात. मग वाचते, पण मधलं सोडून पुढून वाचते. आधी मला वाटलं, लक्ष नाही. पण लक्ष नसलेलं लेकरू खिडकीबाहेर पाहतं. ही तेवढा वेळ कुठंच पाहत नाही. डॉक्टरांना सांगून पाहता का?"

आम्ही यवतमाळला गेलो. मी जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांनी लेकीला जोरजोरानं फुंकर मारायला लावली, पुन्हा पुन्हा. थोड्या वेळानं ती थांबली आणि तिची नजर तशीच राहिली. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. मग ती पुन्हा फुंकर मारायला लागली, जसं काही झालंच नाही.

"ह्यासुद्धा फिटच आहेत," डॉक्टर म्हणाले. "बारक्या. दिवसातून किती येत असतील, कळणारही नाही. हे पाहिलं कोणी?"

"शाळेतल्या मॅडमनी. त्या रोज वाचून घेतात."

"रोज? सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

त्यांनी औषध बदललं. त्यानंतर लेकीचं वाचन असं सुटलं की आम्ही पाहतच राहिलो. किराण्याच्या पुड्याचा कागद, एस.टी.च्या पाट्या, बियाण्याच्या पिशव्या, दिसेल ते ती वाचायची. तिच्या वडिलांना फवारणीच्या डब्यावरचं वाचून दाखवायची आणि ते आपलं काम थांबवून ऐकत बसायचे.

दिवाळीनंतर शाळा पुन्हा सुरू झाली. शेतात कापूस फुटला होता आणि वेचायला बाया मिळत नव्हत्या. सासू एकटी कमरेला कापसाची ओटी बांधून तासन् तास वाकलेली असे. मला ते कळत होतं, तरी मी पायरी सोडत नव्हती. एका सकाळी मोठ्या मॅडम येऊन बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही घरी जा."

मी हातातला ब्लाउज खाली ठेवला. "शाळेतून काढता का?"

"तिला कशाला काढू? तुम्हाला काढते आहे." त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "ती वर्गात असते, पण मधून मधून खिडकीतून तुमच्याकडं पाहते. तुम्ही वळून पाहिलं आणि चेहरा भ्यालेला दिसला की तिला वाटतं, आता काहीतरी होणार. त्याच्यानं तिचं शिकणं होत नाही आणि तुमचं जगणं होत नाही."

"मी नसली आणि आली तं?"

"आली तर आम्ही आहोत. तुम्हीच तर शिकवलं आम्हाला."

मी त्या दिवशी लगेच गेली नाही. दुसऱ्या दिवशी गेली. काळीपिवळी जीपमध्ये बसली तेव्हा हात मोकळे असल्यासारखं वाटून मी दोनदा पिशवी चाचपली. शेतात गेली, ओटी बांधली. फोन ब्लाउजात ठेवला. एक बोंड वेचायची आणि फोन पाहायची. सासू पुढं निघून गेली. वळून म्हणाली, "अशानं तं होळी येईन."

फोन आला तो पंधरवडा उलटल्यावर. दुपारची वेळ होती. मोठ्या मॅडमचा आवाज नेहमीसारखाच. "आधी ऐकून घ्या. फिट आली होती, थांबलीसुद्धा. फवारा लागला नाही. आता झोपली आहे. श्वास चांगला आहे, मी तिच्याजवळच आहे. तुम्ही या, पण गाडी हळू आणा."

लेकीच्या वडिलांनी गाडी हळू आणली नाही. मला डोळ्यांसमोर ती पहिली शाळा दिसत होती. रांगेतली लेकरं पांगलेली, मधे लेक एकटी पडलेली, मोठी माणसं दूर उभी.

फाटकातून आत गेलो तर शाळा चालू होती. दुसऱ्या वर्गातून पाढे ऐकू येत होते. कोंबड्या फिरत होत्या. मी धावत पहिलीच्या दाराशी गेली आणि थांबली. लेकरं आपापल्या जागी बसून चित्रं रंगवत होती. बोलत होती, पण हळू. मागच्या कोपऱ्यात सतरंजीवर लेक एका कुशीवर झोपली होती, डोक्याखाली मॅडमची ओढणी घडी करून ठेवलेली. मोठ्या मॅडम भिंतीला टेकून तिच्याजवळ जमिनीवर बसल्या होत्या. एक पोरगी माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली, "काकू, ते झोपली हाय. आम्ही बाक सरकवला."

मी लेकीजवळ बसली तेव्हा दिसलं की तिच्या अंगावर दुसरा स्कर्ट होता. धुतलेला, इस्त्रीचा. मी मोठ्या मॅडमकडं पाहिलं.

"ऑफिसात ठेवलेला असतो," त्या हळूच म्हणाल्या. "सगळी लेकरं बाहेर जेवायला गेली तेव्हा मावशीनं बदलला. कोणाला काही कळलं नाही."

नंतर मी मागच्या बाजूला पाणी प्यायला गेली. तिथं तारेवर लेकीचा स्कर्ट वाळत होता, झटकून, चिमटा लावून. तो पाहून मला रडू आलं. मी तिथंच उभी राहून रडून घेतलं आणि तोंड धुतलं. लेकीचे वडील निंबाखाली गाडीजवळ उभे होते. त्यांनाही मी स्कर्ट दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि ते म्हणाले, "इथंच शिकू दे तिले. जेवढे वर्ग इथं हायत तेवढे."

लेक उठली तेव्हा शाळेचा शेवटचा तास होता. तिनं आधी स्वतःकडं पाहिलं, स्कर्टकडं पाहिलं, मग लेकरांकडं. कोणी तिच्याकडं टक लावून पाहत नव्हतं. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीनं विचारलं, "तुह्या माश्याले कोणता रंग देऊ?"

"थांब, मी देतो," लेक म्हणाली आणि उठली.

मी म्हणाली, "बाई, चाल घरी, आराम कर."

"मासा राह्यला ना, याडी," ती म्हणाली. तिचा मासा रंगवून होईपर्यंत आम्ही दोघं बाहेर थांबलो.

त्यानंतर शाळेत तिला आणखी एकदाच फिट आली. ती आल्याचं मला संध्याकाळी तिच्या वडिलांकडून कळलं. मोठ्या मॅडमनी फोन केला होता, पण माझ्या फोनला रेंज नव्हती, आणि लेक चालत्या गाडीवर वडिलांना दुसरंच काही सांगत घरी आली. मी घाबरण्याच्या आत ती जेवायला बसली होती.

सासूची समजूत कोणी घातली नाही, ती आपोआप पटली. नाताळच्या कार्यक्रमात लेक मेंढी झाली होती, म्हणून ती पाहायला आली. कार्यक्रम झाल्यावर ती आणि मोठ्या मॅडम वऱ्हांड्यात बसून गुडघ्यांच्या दुखण्याबद्दल बोलत राहिल्या. कोणतं तेल, कोणता लेप. निघताना सासूनं मॅडमना देवीचा प्रसाद दिला. मॅडमनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि तिथंच खाल्ला. घरी येताना सासू म्हणाली, "बाई चांगली हाय. गुडघे मात्र लय खराब झाले तिचे."

आता लेक चौथीत आहे. डॉक्टरांनी औषध हळूहळू कमी करत आणलं आणि मागच्या पावसाळ्यात बंद केलं. बंद करताना ते म्हणाले, "पुन्हा येणारच नाही असं लिहून देत नाही. पण आता तुम्ही निवांत राहा." मला निवांत कसं राहायचं ते येत नव्हतं. औषधाची वेळ झाली की हात आपोआप फळीकडं जायचा.

ह्या हिवाळ्यात शाळेची सहल निघाली. दिवसभराची, बसनं, धरण आणि देऊळ पाहून परत. सासू म्हणाली, कायले पाठवता. लेकीच्या वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी वर्गाच्या मॅडमना विचारलं, फवारा सोबत देऊ का? त्या म्हणाल्या, "द्या, असू द्या पिशवीत. आम्हालाही बरं वाटेल." मी दिला. सकाळी बस निघाली तेव्हा लेकीनं हात हलवला की नाही ते मला दिसलं नाही, इतकी लेकरं एका खिडकीला चिकटली होती.

मी घरी येऊन शेतात गेली. दुपारपर्यंत कापूस वेचला. भाकर खाल्ली, पाणी प्यायली आणि तुरीच्या सावलीत जरा पाठ टेकली. मला झोप लागली. दिवसा, शेतात, लेक गावाबाहेर असताना, अशी गाढ झोप लागली की अंगावर मुंग्या चढल्या तरी कळलं नाही. सासूनं हलवून उठवलं तेव्हा ऊन उतरलं होतं.

"किती झोपतं," ती म्हणाली. "मी दोन तास एकटीच वेचून राह्यली."

"उठवायचं ना मंग."

"काहून उठवू? झोपू दिलं."

बस वेळेवर आली. लेक उतरली ती तोंड फुगवूनच. नाक उन्हानं लाल झालेलं, रिबीन सुटलेली. वर्गाच्या मॅडमनी मला लांबूनच हातानं खूण केली, सगळं ठीक. लेकीनं माझ्या हातात पिशवी दिली आणि घरापर्यंत तक्रार करत आली. जाताना खिडकीची जागा तिला मिळाली नव्हती, येतानाही नाही, आणि धरणावर मॅडमनी कोणालाच पाण्यात पाय घालू दिले नव्हते.